ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. पोरांच्या मनाचं कोण विचारणार?

२०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेची पथकं गावोगाव फिरत होती. आशाताई दारात यायच्या, ताप बघायच्या, बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या, घरात शुगर-बीपीचं कुणी आहे का ते लिहून घ्यायच्या. त्याच घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला पोरगा किंवा पोरगी असायची. उन्हाळ्यापासून त्यांना धड झोप नव्हती, पण ते कुणी विचारत नव्हतं.

हा घोर नुसत्या कोरोनाचा नव्हता. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा पुण्या-औरंगाबादला शिकणारी पोरं चार कपडे घेऊन गावी आली. पंधरा दिवसांत परत जायचं म्हणून पुस्तकं रूमवरच राहिली. भाड्यासाठी रूममालकाचा फोन मात्र चुकला नाही. ३१ मे रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अंतिम वर्षाची परीक्षा न घेता सरासरी गुण देण्याचं जाहीर केलं. राज्यपालांचा त्याला विरोध होता. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं, परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागेल. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आला, परीक्षेशिवाय पदवी नाही. म्हणजे तीन महिने पोरांचा जीव टांगणीला. अभ्यास करावा तर परीक्षा नाही म्हणतात, पुस्तक मिटावं तर होणार म्हणतात. बरं, एवढ्यावरही थांबलं नाही. सप्टेंबरअखेर विद्यापीठांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं आंदोलन झालं आणि तारखा आणखी पुढे गेल्या.

मध्येच जुलैत कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शेरा छापून आला. ओरड झाल्यावर तो काढायचे आदेश निघाले, पण 'कोरोनाची बॅच' ही भीती पोरांच्या डोक्यात बसली ती बसलीच. उद्या नोकरीला गेलं तर दारातूनच परत पाठवतील, असं त्यांना वाटायचं.

ऑक्टोबर २०२० मध्ये पेपर सुरू होते. बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्न, तासाभराचा पेपर, मोबाईलवर. शहरात हे सोपं वाटायचं. खेड्यात लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही झोपायचा. घरात मोबाईल एक, त्यावर धाकट्याची ऑनलाइन शाळा, आणि बापाला वाटायचं पोरगं नुसतं मोबाईल बघतंय. त्यात परतीच्या पावसानं सोयाबीन भिजवलं. पेपरच्या आदल्या दिवशी पोरगं गुडघाभर चिखलात काढणीला, हे त्या वर्षी अनेक शिवारांत दिसलं.

मुलींचं दुखणं वेगळं होतं आणि ते बोललंही जात नव्हतं. पन्नास माणसांत लग्न उरकायचं, खर्च वाचायचा, म्हणून त्या काळात बऱ्याच घरांनी घाई केली. कॉलेज बंद म्हणजे शिक्षण संपलं, असा सोयीचा अर्थ घरच्यांनी काढला. अशा मुलीला परीक्षेची तारीख लांबली की धस्स व्हायचं. तिचा एक-एक महिना मोजलेला असायचा.

मनाची काळजी घ्या, हे सरकारही सांगत होतं. एप्रिलमध्ये यूजीसीने विद्यापीठांना विद्यार्थ्यांसाठी हेल्पलाइन सुरू करायला सांगितलं. जुलैत केंद्राचा 'मनोदर्पण' उपक्रम आला, सप्टेंबरात 'किरण' ही मोफत हेल्पलाइन, तीही मराठीत. सल्ले चांगले आहेत: वेळेवर झोपा, बातम्या कमी बघा, प्राणायाम करा, जवळच्यांशी बोला. पण दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असताना हेल्पलाइनला फोन लावून मोकळं बोलणार कुठं? आई शेजारीच भाकरी थापत असते. स्वतःची काळजी घ्यायला आधी स्वतःची जागा लागते.

हे नुसतं कोरोनाचं खूळ म्हणून सोडूनही देता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०१९ चा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये आला. त्या एका वर्षात देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. रोजचे अठ्ठावीस. तेव्हा ना लॉकडाऊन होता, ना ऑनलाइन पेपर.

काही गावांत पोरांनी आपलं आपण बघितलं. संध्याकाळी रेंज मिळायची तिथं, देवळाच्या पारावर नाहीतर पाण्याच्या टाकीजवळ चार-पाच जण जमायचे, एकमेकांना प्रश्न विचारायचे, घरचं गाऱ्हाणंही काढायचे. काही प्राध्यापक आपल्या वर्गातल्या पोरांना स्वतःहून फोन करायचे. 'पेपर कसा गेला' याच्या आधी 'जेवलास का' विचारायचे. त्याला पैसा लागत नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत राज्याच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताईंनी शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करायची पद्धत आधीच होती. १०४ वर समुपदेशनही मिळायचं. ताप मोजायला आलेल्या त्याच ताईनं अंतिम वर्षाच्या पोराला झोप लागते का, जेवण जातं का, एवढं विचारायला वेगळा आदेश निघण्याची वाट बघायची का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ठरवायचं होतं. मोहीम ऑक्टोबर २०२० मध्येच संपली. निकाल लागायचे तेव्हा अजून बाकी होते.