टँकर आला, पण पाणी खालीच राहिलं

मंडळी, पोस्ट लांबली आहे. पण मे महिन्यात डोक्यावर हंडा घेणारं कोणी तुमच्या घरात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

कापड्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवर गेलो होतो. टँकर रस्त्याच्या कडेला थांबला, ड्रायव्हरने मागचा व्हॉल्व्ह फिरवला आणि सगळं पाणी खालच्या कोरड्या विहिरीत सोडलं. वाडी वर, विहीर खाली. पाणी पुन्हा पोहऱ्याने ओढायचं आणि पाखाडी चढून घरी न्यायचं. वाडीत साठवण टाकी आहे, तिच्यापासून नळही आहेत. टाकी मात्र कोरडी. का? तर टँकरला पंप नाही!

पाऊस आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. डोंगरउतारावरून तो सावित्रीत जातो आणि सावित्री त्याला समुद्रात नेते. हे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर भाषणंही भरपूर झाली. मी आज फक्त शेवटच्या शंभर-दीडशे मीटरबद्दल बोलतोय.

हिशेब मांडा. टँकर १०,००० लिटरचा. हंडा १५ लिटरचा. म्हणजे एका टँकरमागे ६६६ खेपा. वाडी रस्त्यापासून ३० मीटर उंच असेल तर प्रत्येक खेप म्हणजे दहा मजले चढणं. हेच पाणी आठ-दहा एचपीचा डिझेल पंप अर्ध्या तासात वर चढवतो. डिझेल लागतं लिटरच्या आसपास. आपण एक लिटर डिझेल वाचवतोय आणि त्याची किंमत आपल्या आया-बहिणींच्या मानेतून, गुडघ्यांतून वसूल करतोय.

महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे टँकर येतात. तिथे माल कोणी बादलीने उतरवत नाही, पंप लावतात. मग हे तंत्र रसायनाला लागू आणि पिण्याच्या पाण्याला नाही, असं कुठे लिहिलंय?

यात अवघड काही नाही. एक तर ट्रकच्या गिअरबॉक्सला पीटीओ बसवून इंजिनच्याच ताकदीवर पंप चालवायचा, नाहीतर चासीवर वेगळा डिझेल पंपसेट घट्ट बोल्ट करायचा. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवला की पाणी आपोआप त्यात उतरतं, हवा धरण्याची कटकट राहत नाही. पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप थांबताच चढलेलं पाणी उलट खाली येईल. ३० मीटर उंचीला तीन किलोचा दाब येतो. तो सोसणारा पाइप हवा, बागेतला हिरवा पाइप फुटेल.

चालवतानाही शिस्त हवी. हँडब्रेक ओढा, चाकांखाली ठोकळे लावा. टाकीचं वरचं झाकण उघडं ठेवा. बंद ठेवून पाणी उपसलं तर आत हवा जात नाही आणि टाकीचा पत्रा आत दबू शकतो. पीटीओ क्लच दाबूनच जोडा आणि निघण्याआधी आठवणीने सोडवा. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. टाकी संपली की पंप लगेच बंद करा, कोरडा फिरला तर सील जळतं. आणि फिरत्या शाफ्टवर जाळी हवीच हवी. टँकरभोवती बायका-पोरांची गर्दी असते, पदर अडकायला क्षण पुरतो.

आता नेहमीची उत्तरं. ‘ठेकेदार तयार होणार नाही.’ निविदेत अट घाला, दर ठरवा, तयार होईल. ‘पंप बिघडतो.’ टँकरही बिघडतो, म्हणून टँकर बंद करतो का आपण? ‘जलजीवन येतंय.’ येऊ दे, स्वागत आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली, माणशी ५५ लिटर सांगितलं, २०२४ ची मुदत २०२८ वर गेली. तोवर हंडा कोणी उचलायचा?

मागण्या तीनच. रस्त्यापेक्षा उंच वाड्यांना जाणाऱ्या टँकरवर पंप आणि पुरेसा पाइप सक्तीचा करा. पाणी विहिरीत नाही, साठवण टाकीत पडलं तरच खेप धरा. आणि रसायन वाहिलेला टँकर पिण्याच्या पाण्याला कधीही चालणार नाही, हे लेखी घ्या.

पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे २० मार्च १९२७ ला आपल्याच महाडात, चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जगाला दाखवलं. त्या महाडच्या शेजारी आपण टँकरला एक पंप मागू शकत नाही?

१ मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. सह्या बायकांच्या आधी घ्या. आणि कोणी म्हणालं की वर पाणी चढवणं परवडत नाही, तर त्याच्या हातात एक भरलेला हंडा द्या आणि पाखाडी दाखवा.