दोरी कुणाच्या हातात?

आमच्या गटातल्या एकीच्या घरी पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर आला. २०१४-१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिलांसाठी वाढीव अनुदान ठेवलेलं होतं. त्यामुळे कागदावर सही तिची. शेतात मात्र यंत्र नवऱ्याच्या हातात आणि ती मागून गवत वेचणार.

एकदा तो तालुक्याला गेला असताना तिनं यंत्र चालवलं. पदर पात्यात गेला. नशिबाने फाटला, म्हणून ती वाचली. घरचे म्हणाले, "बायकांचं काम नाही ते."

हे वाक्य जरा तपासून पाहू. विक्रेत्याच्या माणसाने यंत्र शिकवलं तेव्हा ती आत चहा करत होती. शिवाय हात दुखतो म्हणून नवऱ्याने दांड्यावरची क्लचची लिव्हर सुतळीने बांधून ठेवली होती. हात सुटला की पाती थांबावीत, यासाठीच ती लिव्हर असते. मग चूक बाईपणाची, की सुतळीची आणि न दिलेल्या माहितीची?

बसून खुरप्याने तण काढायचं होतं तोवर निंदणी बाईची होती. तिला इंजिन लागलं आणि ती पुरुषाची झाली! २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के शेतकरी वा शेतमजूर होत्या. तरी यंत्राचं ज्ञान अजून ओसरीवरच अडतं.

हे ज्ञान अवघड नाही. साडीवर जुना शर्ट घालून बटणं लावा, केस बांधा, पायात बूट घाला. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नका. बंद खोलीत यंत्र सुरू करू नका, धूर विषारी असतो. कडक जमिनीत पाती उसळतात, तेव्हा आधी वरचा थर काढा. उलटा गिअर टाकताना मागे झाड किंवा बांध नाही ना, ते पाहा. पात्यात गवत गुंडाळलं तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, मगच हात घाला.

सुरू होत नसेल तर आधी पेट्रोल, कॉक आणि ऑइल पाहा. काही इंजिनं ऑइल कमी झालं की चालूच होत नाहीत. मग प्लग काढा. काळा असेल तर काजळी पुसा. ओला असेल तर चोक जास्त झाला. कोरडा करा, थोडं थांबा. एअर फिल्टर झटका. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल बदला. एवढ्यासाठी मेस्त्रीची वाट का पाहायची?

एक प्रश्न मात्र टाळता येणार नाही. एका यंत्रामुळे भूमिहीन बायकांची निंदणीची मजुरी जाते. म्हणून यंत्र बचतगटाच्या मालकीचं हवं, चालवणाऱ्या त्याच मजूर बायका हव्यात आणि भाडं त्यांच्या हातात पडायला हवं. प्रशिक्षणाला सही करणारी बाईच बसली पाहिजे, आणि ते फक्त चालवण्याचं नको, दुरुस्तीचंही हवं. ही मागणी प्रत्येक गटाने ग्रामसभेत आणि कृषी कार्यालयात लावून धरावी.

त्या मैत्रिणीने परवा पहिल्यांदा सुतळी कापली. स्टार्टरची दोरी जड लागेपर्यंत हलकेच ओढली, मग एका दमात खेचली. इंजिन सुरू झालं. नवरा मागून गवत वेचत होता.