मित्रदेशाचे संरक्षण : निर्णय संसदेचा की बंद दाराआडचा?

जोगेश्वरी पूर्वेतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "अमेरिकेची संसद दुसऱ्या देशांच्या संरक्षणासाठी कायदे करते. आपली संसद करते का?"

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने युक्रेन, इस्रायल आणि तैवानसह आशियातील मित्रदेशांसाठी सुमारे ९५ अब्ज डॉलर मंजूर केले. गाझातला संहार पाहता इस्रायलला शस्त्रे देण्यास आमचा विरोधच आहे. पण तिथे मतदान झाले. कोणत्या प्रतिनिधीने कोणती बाजू घेतली, हे जनतेला कळले.

आपल्याकडे काय होते? परराष्ट्रांशी होणाऱ्या करारांवर कायदा करण्याचा अधिकार संविधानाच्या संघसूचीतील नोंद १४ संसदेला देते. पण करारांना संसदेची मान्यता बंधनकारक करणारा कायदा आजवर झालेला नाही. त्यामुळे सही सरकार करते आणि चर्चा झालीच तर नंतर होते.

याची किंमत आपल्या समाजाला ठाऊक असायला हवी. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. मार्च १९९० मध्ये ती परतली, तेव्हा सुमारे १,२०० जवान गमावले होते. मुंबईत जन्मलेले ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. महार रेजिमेंटचा अभिमान आपण बाळगतो. मग जवानांना परदेशी धाडण्याचा निर्णय कोण घेतो, हेही आपणच विचारायला हवे.

मित्राला मदत करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाची चिकित्सा केली. सीटो ही आक्रमण करणारी नव्हे, तर रोखणारी संघटना आहे, असे ते म्हणाले. माओंचा पंचशीलावर विश्वास असता, तर चीनमधल्या बौद्धांना वेगळी वागणूक मिळाली असती, असेही त्यांनी सुनावले. शांततेचा शब्द असो वा संरक्षणाचा, तो तपासून घ्यायचा आणि तो सभागृहात तपासायचा, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

आपली संसद हे करू शकते. ३१ मार्च १९७१ रोजी तिने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील हल्ल्याची निंदा केली आणि त्याच वर्षी जुलैत सरकारने तिथे सैन्य पाठवण्यास नकार दिला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. परदेशाला शस्त्रे किंवा सैन्य देण्याआधी संसदेत चर्चा आणि मतदान व्हावे. ही मदत नागरिकांवर वापरली जाणार नाही, अशी अट कायद्यातच असावी. आपल्या खासदाराला हा प्रश्न लेखी विचारा आणि त्याचे उत्तर विहारात सर्वांसमोर वाचून दाखवा.

जय भीम!