'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि वहीत न मांडलेले भांडवल

उद्योगाच्या स्थापनेची सत्यकथा पडद्यावर आली, की सारा प्रकाश एकाच व्यक्तीवर पडतो. 'द सोशल नेटवर्क' (२०१०) पाहणाऱ्या तरुणाच्या मनात फेसबुकचा संस्थापक तेवढा उरतो. मराठीत याच जातीचा, परंतु निराळ्या प्रकृतीचा चित्रपट त्याआधीच निर्माण झाला. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ साली भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविला गेला. चलच्चित्र हे शंभर वर्षांपूर्वीचे नवे तंत्रज्ञान. दादासाहेब फाळके यांनी त्याचा कारखाना घरातच कसा थाटला, त्याची ही कथा. आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंबाने हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र या कारखान्याचे भांडवल नेमके कोणाकोणाचे होते, याचा हिशेब मांडत पाहावा, असे माझे मत आहे.

फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. पण त्यांच्या जडणघडणीत गुजरातचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले. त्या संस्थेचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर हे आपल्या सुरतचेच. पुढे गोध्रा येथे फाळके यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला आणि तेथेच प्लेगने त्यांची प्रथम पत्नी व अपत्य हिरावून नेले. १९९४ चा सुरतचा प्लेग ज्यांना आठवतो, त्यांना या आघाताचे वजन सांगावयास नको.

अशा मनुष्याने चाळिशी उलटल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर ठेवला. ही जिद्द वंदनीय आहेच. परंतु अहोरात्र चित्रपट पाहण्याने व जागरणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली, रसायने कालविली आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. रोहिताश्वाची भूमिका चिरंजीव भालचंद्र याने केली. चित्रीकरणात तो पडून बेशुद्ध झाला असता, प्रसंग रोहिताश्वाच्या मृत्यूचाच असल्याने तो त्याच अवस्थेत पूर्ण करण्यात आला, असे सांगतात. या प्रसंगाला कलानिष्ठा म्हणून टाळ्या मिळतात. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला टाळी वाजविता येत नाही. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेले मूल प्रथम रुग्ण असते, नट नंतर.

मोकाशींनी कथेला विनोदी बाज दिल्याने कष्टांची धग कमी होते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. त्या घरातील आनंद खरा वाटतो, कारण पत्नी व मुले तेथे प्रेक्षक नसून सहभागी आहेत. खरी उणीव कथेच्या शेवटाची आहे. चित्रपट यशापाशी थांबतो. इतिहास थांबत नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या पाच कापड उद्योजकांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांत सरस्वतीबाई नव्हत्या. मतभेद वाढून फाळके काही काळ कंपनी सोडून काशीस गेले, पुढे परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी रुजविलेला धंदा भरभराटीस आला होता. त्यांची स्वतःची आर्थिक स्थिती मात्र बिकट होती.

हे सारे डिंडोलीत सांगण्याचे कारण उघड आहे. खानदेशातून येऊन येथे स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत घर हाच कारखाना असतो. कोणी कर्ज काढून भरतकामाचे यंत्र घेतो, कोणी संगणकावर नवा व्यवसाय मांडू पाहतो. साड्यांचे धागे कापणे, टिकल्या लावणे ही कामे घरातल्या बायका करतात आणि शाळेतून आलेली मुलेही हात लावतात. या उद्यमशीलतेचा मला अभिमान आहे. पण मालकाची झोप, पत्नीचे श्रम आणि मुलाचे खेळण्याचे तास हेही भांडवलच आहे. कोणत्याही वहीत ते जमा दिसत नाही.

म्हणून आपण वैद्यकांनी तपासणीच्या वेळी मुलाचे वजन-उंची पाहताना तो किती वाजता झोपतो आणि घरकामाला किती वेळ बसतो, हेही आवर्जून विचारावे. आणि पालकांनी मुलांना फाळके यांची जिद्द सांगताना, त्याच दमात सरस्वतीबाईंचे आणि भालचंद्राचेही नाव घ्यावे.