कालव्यातील वल्हे

नौकाविहाराचा छंद आपल्या तरुणांत वाढत आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मुठेच्या पात्रात कयाक वल्हवण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. परंतु आता हवा भरून फुगवावयाच्या कयाक दुकानांत सहज मिळू लागल्या आहेत, आणि नदी दूर असली की लक्ष जाते ते कालव्याकडे. कालवा अरुंद, त्याला लाटा नाहीत, काठ हाताशी. मग भीती कसली? हा समजच घातक आहे, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमध्ये कालव्यांतून होड्या सर्रास फिरतात, हे खरे. पण ते कालवे खोदले गेले मालवाहू नावांसाठी. त्यांचे पाणी जवळजवळ निश्चल, आणि चढउतार ओलांडण्यासाठी जागोजाग दरवाजांचे हौद. अशा हौदात पाणी सोडले की ते उसळते. म्हणून वल्हेकरी हौदात शिरत नाही, होडी उचलून काठाने पलीकडे नेतो. डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही १२५ मैलांची शर्यत १९४८ सालच्या एका धाडसातून जन्मली. तिच्या मार्गात असे ७७ हौद लागतात, आणि एकेका क्षणासाठी झगडणारे स्पर्धकही तेथे होडी खांद्यावर घेतात.

आपला कालवा निराळा. तो शेतीसाठी आहे, आणि आवर्तन सुटले की त्याचे पाणी धावते. काँक्रीटच्या अस्तराचे काठ उतरते आणि शेवाळाने निसरडे. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथे हात रोवावयास जागा सापडत नाही. पुढे ओढा आडवा आला की सारे पाणी सायफनमधून जमिनीखाली जाते. तोंडाशी लोखंडी जाळी असली तर पाणी तिच्यातून निघून जाते, माणूस मात्र प्रवाहाच्या दाबाने तिलाच चिकटून राहतो. होडीतून हे काहीच दिसत नाही. दिसते ती सपाट, संथ भासणारी चकाकी.

तेव्हा वाहत्या कालव्यात होडी घालूच नये. हौस भागवावयाची तर परवानगी काढून शांत जलाशय गाठावा. एकट्याने जाऊ नये. जीवरक्षक जाकीट बैठकीखाली न ठेवता अंगात घालून पट्टे आवळावेत. ते अंगात शोभत नाही ही सबब आम्ही ऐकली आहे. तिला उत्तर देण्याची गरज नाही.

पण सारा दोष तरुणांच्या माथी मारून पाटबंधाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्यांना मोकळे होता येणार नाही. ‘पोहण्यास मनाई’ अशी पाटी रोवली की कर्तव्य संपले काय? काठाला ठराविक अंतरावर लोखंडी शिड्या बसवाव्यात, सायफनच्या बऱ्याच अलीकडे तरंगते दोर आडवे बांधावेत, आवर्तनाच्या तारखा काठावरच लावाव्यात. कयाक घेऊन येणारे मूठभर असतील. पण त्याच निसरड्या काठावर रोज धुणे घेऊन उतरणाऱ्या बायका आणि गुरे पाण्यावर आणणारी पोरे गावोगाव आहेत, आणि त्यांच्याही हाताला आज तेथे धरावयास काही नाही.