परमुलखातील पहिला दिवस

विद्यार्थी-विनिमय हा शब्द हल्ली पालकांच्या बोलण्यात वरचेवर येऊ लागला आहे. येथील मुलाने परदेशी जाऊन तेथील एखाद्या कुटुंबात काही महिने राहावे, तेथल्या शाळेत शिकावे, आणि तिकडच्या मुलाने तसेच आपल्या घरी येऊन राहावे, अशी ही योजना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तिला व्यवस्थित रूप आले. ज्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी युद्धात जखमींच्या गाड्या हाकल्या होत्या, तिनेच पुढे देशोदेशींच्या मुलांना परक्या घरांत पाहुणे म्हणून धाडण्यास आरंभ केला. पालक आम्हांस विचारतात ते बहुधा खर्चाविषयी, पारपत्राविषयी व थंडीच्या कपड्यांविषयी. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु परमुलखातील पहिल्या दिवसाविषयी कोणी विचारीत नाही. आमचे मत असे आहे की, तो दिवस कसा जाईल हे पाहुण्याच्या धैर्यापेक्षा यजमानाच्या तयारीवर अधिक अवलंबून असते.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक ठळक उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून रोजी न्यूयॉर्क बंदरी उतरल्या. वय अवघे अठरा. अंगावर नऊवारी, हातांत बांगड्या, खाणे शाकाहारी, आणि पती मागे हिंदुस्थानात. अशा मुलीचा पहिला दिवस भीतीने व रडण्याने भरून गेला असेल असे कोणासही वाटेल. पण धक्क्यावर तिला उतरवून घेण्यास थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई आल्या होत्या, आणि त्या दोघींनी एकमेकींस पूर्वी पाहिले नसले तरी त्या परक्या नव्हत्या. १८८० पासून त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. कलकत्त्यास असता आनंदीबाईंची प्रकृती ढासळली, डोके दुखे, अशक्तपणा येई, हे सर्व मावशीस ठाऊक होते; त्यांनी अमेरिकेहून औषधेही धाडली होती. म्हणजे न्यूयॉर्कच्या धक्क्यावरील तो पहिला दिवस वस्तुतः तीन वर्षे आधीच सुरू झाला होता. आनंदीबाई तेथून न्यूजर्सीतील रोझेल गावी मावशीच्या घरी गेल्या, आणि शरद ऋतूत महाविद्यालय सुरू होईपर्यंत त्याच घरी राहिल्या.

हे दार उघडले कसे, हेही विद्यार्थ्यांनी जाणावे. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी कोल्हापूर येथे असता १८७८ साली मिशनरी मंडळींस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाकरिता साह्य मागितले. ते पत्र रेव्हरंड वाइल्डर यांच्या अमेरिकेतील मासिकात छापून आले. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरास पुष्कळ वर्षे काम केलेले होते. पत्रासोबत जे उत्तर छापले गेले त्याचा आशय असा की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. गोपाळरावांस ते मान्य झाले नाही. तो अंक कार्पेंटरबाईंच्या हाती पडला, तो दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता! त्यांनी तो वाचला आणि हिंदुस्थानात पत्र धाडले. घर देऊ केले आणि त्या घराच्या बदल्यात धर्माविषयी एकही अट घातली नाही. पुढे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात भाषण करताना आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणूनच जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार असे निक्षून सांगितले, तरी मावशीच्या घराचे दार तसेच उघडे राहिले.

आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत व मिशनच्याच शाळांत वाढलो आहोत, म्हणून हे अधिक स्पष्टपणे लिहितो. त्या दोघांत ख्रिस्ती आतिथ्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मनात मुळीच संदिग्ध नाही. ज्याच्या घरी जेवावयाचे त्याच्या मताचे झाल्याशिवाय ताट मिळणार नाही, असे पाहुण्यास पहिल्याच दिवशी कळले, तर तो पाहुणा राहत नाही.

यावरून परदेशात आनंदीबाईंस सर्व सुखच लाभले असे मात्र कोणी समजू नये. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात गेल्यावर त्यांस जी खोली मिळाली तिची शेगडी नीट चालत नसे. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. नऊवारीने त्या हवेत घोटे उघडे पडतात म्हणून त्यांनी गुजराती धर्तीचे लुगडे नेसण्यास आरंभ केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पण क्षयाने त्यांस गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या निवर्तल्या. बावीसावे वर्षही पुरते झाले नव्हते. त्यांची रक्षा मावशीकडे पाठविण्यात आली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, पकिप्सी येथे, ठेवली गेली. सांगावयाचे ते एवढेच की, जेथे वाट पाहणारे माणूस होते तेथे परका मुलूख सुसह्य झाला, आणि जेथे केवळ खोली होती तेथे तो झाला नाही.

डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांस घ्यावयास कोणी मावशी नव्हती. विद्यापीठाच्या वसतिगृहातील अन्न त्यांस मानवले नाही आणि आठवडाभरातच त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा सहवास लाभला, आणि तो स्नेह जन्मभर टिकला. कोणी असेही म्हणेल की, असामान्य माणसास यजमानाची गरजच नसते. असेल, पण आमच्या वर्गात बसतात ती मुले सामान्य आहेत, आणि नियम सामान्यांकरिताच करावे लागतात.

आता थोडे घराजवळ येऊ. परमुलूख समुद्रापलीकडेच असतो असे नाही. ज्या मुलाच्या घरी केवळ अहिराणी बोलतात, तो तापीकाठच्या खेड्यातून पहिल्यांदा या शाळेत येतो तेव्हा पुस्तकातील मराठी त्यास जवळजवळ परभाषाच असते. त्याने 'माले' म्हटले की मागच्या बाकावर हशा पिकतो. हसणारे पुष्कळदा घरी तीच भाषा बोलणारे असतात, हे आणखी नवल! जी मुले आपल्या बाकावर सरकून नव्या मुलास जागा देत नाहीत, त्यांस परदेशी धाडून आम्ही कोणते ज्ञान मिळविणार, हे आम्हांस कळत नाही.

आणि विनिमय म्हटला की परतफेड आलीच. आपला मुलगा तिकडे जाईल तर तिकडचा कोणीतरी धरणगावास येईल. परके लोक या गावास नवीन नाहीत. कापसाच्या व कापडाच्या व्यापाराकरिता १६७४ साली इंग्रजांनी येथे वखार घातली होती. पण वखार निराळी आणि घर निराळे. येणाऱ्या मुलाची जात, धर्म व खाणे विचारून मग त्याचा पेला वेगळा ठेवावयाचा असेल, त्यास ओट्यावरच बसवावयाचे असेल, तर आपण विनिमयाच्या यादीत नाव न घालावे हेच प्रामाणिकपणाचे. भ्रमणध्वनीवर चेहरा दिसतो म्हणून ओळख झाली, अशीही समजूत करून घेऊ नये. चेहरा पाहून घरात कोण कसे वागते ते कळत नाही. त्यास सावकाश लिहिलेले पत्रच लागते.

असे पत्र पालकांनी व मुलांनी मिळून आधी दोन-तीन महिने लिहावे. त्यात थोरवी काही नको. घरात कोण कोण आहेत, आजीला काय म्हणून हाक मारावी, ती कानांनी मंद असल्यास मोठ्याने बोलावे, हे लिहावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारी कोणी बाहेर पडत नाही, हे लिहावे. वांग्याचे भरीत तिखट असते, कळण्याच्या भाकरीस पहिल्या दिवशी दात थोडे कुरकुरतील, पण दूध-भात केव्हाही मिळेल. चपला दाराबाहेर काढाव्यात. शौचकूप कोणत्या पद्धतीचे आहे तेही संकोच न करिता कळवावे. पाहुण्याची पहिल्या दिवशीची निम्मी चिंता तीच असते. आणि शेवटी, तुला काय खाता येत नाही व कशाची भीती वाटते ते आम्हांस उलटटपाली कळीव, असे विचारावे.