यंत्रविचार : जनक, अपत्य आणि विचारपूस

संगणकावर किंवा हातांतील फोनवर एकाच वेळीं अनेक कामें चाललेलीं असतात. तीं कोण सुरू करतो आणि संपल्यावर त्यांची नोंद कोण घेतो, हा प्रश्न मोठा मनोरंजक असून थोडा बोधप्रदही आहे. म्हणून या खेपेस आम्ही तोच विषय घेतला आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ सालीं 'युनिक्स' ही संचालनप्रणाली रचावयास घेतली. पुढें १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर 'लिनक्स' आरंभिली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनाच्या पोटांत लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हां हा विषय आमच्या घरांतलाच म्हणावयाचा.

पोथींत लिहिलेला विधि आणि प्रत्यक्ष चाललेलें कर्म यांत जो भेद, तोच प्रोग्रॅम आणि प्रोसेस यांत आहे. प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक मिळतो. परंतु तिला डिस्कला किंवा पडद्याला स्वतः हात लावण्याची मुभा नाहीं. जुन्या घरांत सोवळ्यांतील स्वयंपाकघरांत कोणीही शिरत नसे. उंबरठ्याबाहेरून मागावें आणि आंतील माणसानें द्यावें, अशी रीत असे. येथें आंतील माणूस म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्या मागणीस 'सिस्टिम कॉल' म्हणतात.

नवी प्रोसेस जन्मते ती 'फोर्क' या कॉलनें. मागणाऱ्या प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते आणि दोघीही त्याच ओळीपासून पुढें चालूं लागतात. मग जनक कोण व अपत्य कोण, हें कसें कळावें? गाभा दोघांस निरनिराळें उत्तर देतो: जनकास अपत्याचा क्रमांक, आणि अपत्यास शून्य. रिचीनें नमूद केलें आहे कीं, पहिल्या यंत्रावर ही सोय करण्यास अवघ्या २७ ओळी पुरल्या.

नंतर 'एक्झेक' या कॉलनें अपत्य आपला प्रोग्रॅम टाकून दुसरा धारण करतें. व्याकरण शिकलेल्यांस येथें 'आदेशा'ची आठवण होईल. आदेश मूळ शब्दाच्या जागीं येतो, परंतु त्या जागेचे धर्म चालवितो. तसाच येथें प्रोग्रॅम नवा, पण क्रमांक तोच आणि जनकही तोच. फायलींची यादी दाखविणारी 'एलएस' ही आज्ञा दिली असतां पडद्यामागें हेंच घडतें.

काम संपलें कीं अपत्य एक अंक मागें ठेवून जातें. शून्य असल्यास कार्य सिद्धीस गेलें. दुसरा कांहीं असल्यास विघ्न आलें. हा निरोप जनकानें 'वेट' या कॉलनें विचारून घ्यावयाचा असतो. तोंपर्यंत मृत अपत्याचा क्रमांक आणि तो निरोप गाभा जपून ठेवतो. बाकीची स्मृति वगैरे सर्व परत घेतलेलें असतें. या अवस्थेस इंग्रजींत 'झॉम्बी' म्हणतात. आम्ही 'भूत' म्हणूं. जनकच आधीं गेला, तर पोरक्या अपत्यास सामान्यतः पहिल्या क्रमांकाची प्रोसेस पदरीं घेते आणि तिचें शेवटचें कर्तव्य पार पाडते.

खरी आपत्ति ओढवते ती जनक जिवंत असून विचारीत नाहीं तेव्हां. भुतें सांचत जातात. प्रत्येक भूत फक्त एकच क्रमांक अडवितें, परंतु क्रमांक अगणित नसतात; लिनक्समध्यें त्यांची परंपरागत मर्यादा ३२,७६८ आहे. ते संपले कीं 'फोर्क' नकार देतो आणि सुस्थितींतील यंत्रावर नवें काम सुरू होईनासें होतें. तेव्हां अजाण माणूस भुतांवरच मारण्याची आज्ञा चालवितो. जिवंत प्रोसेस जिला अडवूं शकत नाहीं ती नवव्या क्रमांकाची आज्ञाही येथें व्यर्थ जाते, कारण मेलेल्यास पुन्हां मारतां येत नाहीं. उपाय एकच: जनकाचा प्रोग्रॅम सुधारून त्यास विचारावयास लावणें. तेवढ्यास वेळ नसेल तर जनकासच बंद करावें, म्हणजे पहिली प्रोसेस सर्वांचा निकाल लावते.

या रचनेंत आम्हांस सर्वांत विचारी वाटतें तें हें कीं, दोष भुताच्या माथीं मारलेला नाहीं. त्यानें आपलें काम केलें व निरोप ठेविला. चुकला तो न विचारणारा. घरांत, शाळेंत किंवा कचेरींत काम सांगणारे पुष्कळ असतात, "झालें का? कसें झालें?" असें मागाहून विचारणारे थोडे. ज्यानें काम सोंपविलें, त्याचें कर्तव्य तें विचारल्याखेरीज पुरें होत नाहीं, एवढें तरी या यंत्रापासून घेण्यासारखें आहे.